पुरुषाचा पेहराव आणि निवडीचे स्वातंत्र्य : बार्तच्या एका भेदाचे परीक्षण

पुरुषांच्या पोशाखाविषयी अलीकडे जे लेखन होते त्याच्या मुळाशी एक गृहीत असते. इंग्रजी घाटाचा कोट, अमेरिकन विद्यार्थ्याचा सदरा, कामगाराची जाड विजार, देशी कुडता अशा भिन्न परंपरांतून मनास रुचेल ते घ्यावे. ह्या निवडीतूनच व्यक्तीची स्वतःची शैली सिद्ध होते, असे ते गृहीत आहे. त्याला सैद्धांतिक आधार शोधू गेल्यास आपण रोलाँ बार्त ह्याने केलेल्या एका भेदापाशी येऊन पोहोचतो. तो भेद भाषाशास्त्रातूनच घेतलेला असल्यामुळे त्याची तपासणी करणे हे आपल्या अभ्यासक्षेत्राबाहेरचे काम ठरू नये.

सोस्यूरने भाषेच्या अभ्यासात सामाजिक अशी भाषाव्यवस्था आणि व्यक्तीची प्रत्यक्ष उक्ती ह्यांत भेद केला. पोशाखालाही हे तत्त्व लागू पडते ही कल्पना भाषाशास्त्रज्ञांना नवी नव्हती. बोगातिर्योव्हने १९३७ मध्ये मोरेव्हियातील लोकवेशाच्या कार्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्रुबेत्स्कॉयच्या १९३९ मधील मरणोत्तर ग्रंथात त्या अभ्यासाशी स्वनिमविचाराची तुलना आढळते. बार्तने १९५७ च्या एका निबंधात हा विचार पुढे नेला. समाजमान्य वेशव्यवस्था एकीकडे आणि व्यक्तीचा पेहराव दुसरीकडे, अशी त्याची मांडणी आहे. १९६४ मधील चिन्हमीमांसेच्या विवेचनात कपड्याचे माप, स्वच्छता, झीज आणि वस्त्रांची मुक्त जुळणी ह्या गोष्टी त्याने उक्तीच्या, म्हणजे व्यक्तीच्या, बाजूला टाकल्या आहेत. १९६७ चा त्याचा मोठा ग्रंथ स्त्रियांच्या फॅशन मासिकांतील लिखित वर्णनांपुरता मर्यादित आहे. पुरुषाच्या पेहरावाचा प्रश्न त्यामुळे मोकळाच राहिला.

ह्या मांडणीतील दोन गोष्टी तपासून पाहू. पहिली, मुक्त जुळणी. परकी वेशपरंपरा उचलण्याचे एक ठळक उदाहरण जपानमधील आहे. केन्सुके इशिझु ह्याने 'व्हॅन' ह्या आपल्या उद्योगामार्फत अमेरिकेतील जुन्या विद्यापीठांचा 'आयव्ही' पोशाख जपानी तरुणांपुढे ठेवला. त्याबरोबर त्याने नियमही दिले : वेळ, स्थळ आणि प्रसंग पाहून वस्त्र निवडावे. १९६५ मध्ये त्या वर्तुळातील मंडळी अमेरिकन विद्यापीठांची छायाचित्रे घेण्यास गेली, तेव्हा कापलेल्या विजारी आणि साध्या चपला घालून हिंडणारे विद्यार्थी पाहून ती चकित झाली. भाषा शिकविणाऱ्यास ह्यात नवल वाटणार नाही. जन्मभाषक नियम मोडत बोलतो, कारण ते त्याच्या अंगवळणी पडलेले असतात. परभाषा शिकणाऱ्यास आधी व्याकरण लिहून काढावे लागते. तात्पर्य, जुळणी मुक्त वाटते ती नियम आत्मसात झाल्यावर. नियमांची जाण नसताना केलेली जुळणी म्हणजे शैली नव्हे; तो केवळ शब्दसंग्रह होय.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. स्वच्छता आणि झीज ह्या खरोखरच व्यक्तीच्या बाबी आहेत काय? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने मृतांची वस्त्रे वापरावीत असा दंडक आहे. येथे वस्त्राचे जीर्णत्व हे एखाद्याच्या लहरीचे चिन्ह नाही. ते व्यवस्थेनेच ठरवून दिलेले पद आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे त्या ग्रंथाचे दहन झाले. त्याच सुमारास तेथे जमलेल्या स्त्रियांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातीची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची रीत आणि दागिने टाकण्यास सांगितले. वेश ही व्यवस्था आहे आणि ती बोलते, हे बार्तच्या तीस वर्षे आधी तेथे कृतीने सांगितले गेले.

पुरुषवेशाचा विचार करता स्वतः आंबेडकरांचा सूट ह्याच संदर्भात वाचला पाहिजे. बार्तच्या कसोटीने पाहिल्यास त्या नेटक्या सुटात व्यक्तीची उक्ती अगदी थोडी दिसेल, कारण त्यात नियमभंग नाही. पण ज्याला व्यवस्थेने नीटनेटके वस्त्रच नाकारले, त्याने ते निर्दोषपणे धारण करणे हीच त्याची सर्वांत व्यक्तिगत उक्ती होय. १९३१ च्या गोलमेज परिषदेत एका बाजूस गांधींचा पंचा आणि दुसऱ्या बाजूस आंबेडकरांचा सूट होता. इंग्रजी पोशाख पूर्वी वापरून गांधींनी तो सोडला होता. त्यागापूर्वी स्वामित्व असावे लागते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेताना मात्र आंबेडकरांनी पांढरे धोतर आणि पांढरा कोट परिधान केला. अनेक परंपरांतून निवड करणे ह्याचा खरा अर्थ येथे दिसतो. प्रत्येक वस्त्राचे व्यवस्थेतील मूल्य त्यांस ठाऊक होते, म्हणूनच बदल अर्थपूर्ण ठरला.

जोतीराव फुले १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सत्कारप्रसंगी शेतकऱ्याच्या साध्या वेशात गेले, तेही ह्याच जाणिवेने. सधन पाहुण्यांच्या मेळ्यात त्या वेशाचा अर्थ सर्वांना कळला; तोच वेश शेतावर असता तर कोणी वळूनही पाहिले नसते.

ह्यावरून बार्तचा भेद टाकून द्यावा असे मला म्हणावयाचे नाही. त्यातील सीमारेषा सर्वत्र एकाच ठिकाणी पडत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. पॅरिसमध्ये जे व्यक्तीच्या लहरीवर सोपविता येते, ते जातिबद्ध समाजात व्यवस्थेच्या ताब्यात असू शकते. म्हणून पुरुषाच्या शैलीचा अभ्यास करणाऱ्याने त्याने काय काय एकत्र केले ह्याची यादी करण्यापूर्वी, त्याला काय घालता येत होते आणि काय नाकारता येत होते, हे आधी पाहावे. नाकारण्याची मुभा ज्याला नाही, त्याच्या पेहरावाला निवड म्हणणे ही शास्त्रीय चूक आहे, आणि अन्यायही.