कोणती कंबरदुखी?

शाळेच्या औषधी बागेत निर्गुडीच्या झुडपाशेजारी हमखास एक पाटी असते : ‘निर्गुडी – कंबरदुखीवर गुणकारी’. वनौषधींच्या पुस्तिकांतही अशाच एका ओळीत काम भागवलेले असते. या ओळीबद्दल माझी तक्रार आहे. ती खोटी आहे असे नव्हे. ती अपुरी आहे.

मोलगीसारख्या सातपुड्यातील गावाचे उदाहरण घेऊ. चढावर मोळी आणि पाणी वाहून बाईच्या कमरेत उसण भरते. निर्गुडीचा पाला गरम करून शेकतात आणि काही दिवसांत बरे वाटते. आता गुण कोणाचा? पाल्याचा, उबेचा की विश्रांतीचा? अशी उसण बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआपही ओसरते. म्हणून ज्यांनी पाला लावलाच नाही त्यांचे काय झाले, हेही विचारायला हवे.

असे विचारता येते का? येते. सातपुड्यात सालईची झाडे आहेत. तिच्या डिंकाचा अर्क नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात गुडघेदुखीच्या 30 रुग्णांवर तपासला गेला; निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना अर्क, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. आठ आठवड्यांनंतर अदलाबदल. अर्क घेताना दुखणे व सूज कमी झाली. प्रयोग लहान, पण प्रश्न नेमका. मात्र तो गुडघ्याचा होता, कमरेचा नव्हे.

कंबरदुखीवरील वनौषधींच्या 14 चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने 2014 मध्ये घेतला. त्यात मिरचीचा लेप निष्क्रिय लेपापेक्षा सरस ठरला. निर्गुडी त्यात नव्हतीच. तिच्या पानांच्या अर्काने उंदरांमधील सूज कमी झाल्याचे प्रयोग आहेत. पण उंदीर मोळी वाहत नाही!

पाटीतील मोठी उणीव पुढेच आहे. कंबरदुखी हे रोगाचे नाव नाही, ते लक्षण आहे. नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडांचा रक्तपुरवठा तुटतो आणि पाठ, कंबर, हातपाय असह्य दुखतात. वर्गातले एखादे मूल वारंवार असे कण्हत असेल, तर पाल्याने शेकत बसणे म्हणजे वेळ दवडणे. बोटातील थेंबभर रक्ताच्या प्राथमिक चाचणीने संशय घेता येतो, पुढील तपासणीने निदान पक्के होते, आणि उपचारांनी वेदनेचे झटके कमी करता येतात. देशभर त्यासाठी 2023 पासून मोहीमही सुरू आहे. आठवडेच्या आठवडे टिकणारी पाठदुखी, सोबत ताप आणि घटते वजन, हे मणक्याच्या क्षयाचेही लक्षण असू शकते. पायांतली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा.

यात आजीच्या ज्ञानाची हेटाळणी नाही. पाला कधी खुडायचा, किती गरम करायचा हे तिला ठाऊक असते. पाटीला तेवढेही ठाऊक नसते.

तेव्हा पाटी काढू नका, मुलांकडून नव्याने लिहून घ्या. तिच्यावर तीन गोष्टी असू द्या : घरी निर्गुडी कशी वापरतात, त्यातले काय तपासले गेले आहे, आणि कोणती कंबरदुखी घेऊन थेट डॉक्टरांकडे जायचे. पाटी थोडी मोठी करावी लागेल, एवढेच.