दप्तर, डस्टर आणि कॉपी

मी शिक्षक नाही. विम्याच्या कचेरीत कारकुनी करता करता रद्दीच्या दुकानांतून जुनी क्रमिक पुस्तके गोळा करण्याची सवय लागली. त्या ढिगातून इंग्रजीची पहिली पुस्तके वेगळी काढताना एक पाठ पुन्हा पुन्हा भेटू लागला : वर्गातील वस्तूंचा. खुर्ची, फळा, खडू, पेन, पुस्तक. वर चित्र, खाली इंग्रजी नाव. दिसायला अगदी निरुपद्रवी असलेल्या या पाठाविषयी माझी तक्रार आहे.

माझ्या पिढीचे इंग्रजी पाचवीत सुरू झाले. 2000 साली महाराष्ट्रात ते पहिलीपासून आले. मुलाचे वय घटले, पण पाठामागचे गृहीतक तेच राहिले : मुलाची पाटी कोरी आहे. प्रत्यक्षात मराठी मुलाच्या तोंडी पेन, पेन्सिल, बेंच, डस्टर, होमवर्क हे शब्द आधीच असतात. शिवाय ते आपल्याकडे येऊन नुसते राहिलेले नाहीत, इथले झाले आहेत. ‘कंपास’ म्हणजे आपल्याकडे भूमितीच्या साधनांची पेटी. इंग्रजीत वर्तुळ काढायचे साधन, नाहीतर होकायंत्र. ‘क्लास’ म्हणजे शाळा सुटल्यावरची शिकवणी. ‘ऑफ तास’ तर इंग्रजाला समजावून सांगावा लागेल.

यात नवे काही नाही. ‘दप्तर’ फारसीतून आले. पुण्यात पेशवे दप्तर म्हणजे कागदपत्रांचे रुमाल. मुलाच्या पाठीवर तेच दप्तर पिशवी होते. शब्द घर बदलतो तेव्हा अर्थही बदलतो. म्हणून चित्राखाली नाव लिहिण्याआधी शिक्षकाने विचारायला हवे, “यातले कोणते शब्द तुम्हाला येतात, आणि तुमच्याकडे त्यांचा अर्थ काय?” माझ्या पाहण्यातल्या पुस्तकांत हा प्रश्न कुठेच नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा पाठ सगळा नामांचा आहे. बंगालमध्ये काम केलेल्या मायकेल वेस्ट या शिक्षणतज्ज्ञाने 1926 सालच्या आपल्या ग्रंथात एक कल्पना मांडली आणि तिला नाव दिले ‘सरेंडर व्हॅल्यू’. आमच्या धंद्यातलाच शब्द! पॉलिसी मध्येच सोडली तर हाती किती पडते? वेस्टचा मुद्दा असा की बहुतेक मुले शाळा अर्ध्यावर सोडतात. तेव्हा ज्या दिवशी मूल शाळा सोडेल त्या दिवशी त्याच्या पदरात काहीतरी उपयोगाचे असले पाहिजे. या कसोटीवर वस्तूंचा पाठ तपासावा. फळ्याचे इंग्रजी नाव शाळेच्या फाटकाबाहेर कितीदा लागते? उलट ‘मला समजले नाही’, ‘पुन्हा सांगा’, ‘याचा अर्थ काय?’ ही वाक्ये वर्गात लागतात, दवाखान्यात लागतात, कचेरीच्या खिडकीशीही लागतात. मुलाला तोंडपाठ असते ते फक्त ‘मे आय कम इन सर’. आत कसे यायचे ते आपण शिकवतो. आत आल्यावर अडल्यास काय म्हणायचे, ते राहून जाते.

पर्याय नव्हते असे नाही. जेम्स अ‍ॅशर यांनी 1960च्या दशकात आज्ञा ऐकून शरीराने कृती करण्याची पद्धत मांडली. तिच्यात क्रियापद पुढे येते. आपल्याच देशात एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर-मद्रासकडच्या शाळांत शब्दांच्या याद्या बाजूला ठेवून मुलांना नकाशे आणि वेळापत्रके सोडवायला दिली. भाषा त्या कामाच्या ओघात आली.

वस्तूंच्या पाठाची एक बाजू मात्र मान्य केली पाहिजे. वस्तू समोर असते, तिला हात लावता येतो, खर्च शून्य. दोन शिक्षकी शाळेत ही मोठीच सोय. मेळघाटातल्या कोरकू मुलाचा विचार केला तर तिचे मोल आणखी वाढते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. त्या मुलाला ‘फळा’ आणि ‘वही’ हेही शाळेतच भेटलेले शब्द. इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीत सांगणे म्हणजे त्याच्यापुढे एका कुलपावर दुसरे कुलूप ठेवणे. तिथे बोटाने दाखवणेच खरे. म्हणून पाठ काढून टाका असे मी म्हणत नाही. तो पहिला नसावा, आणि एकटा नसावा.

पाचवीतला एक दिवस मला अजून आठवतो. बाईंनी फळ्यावर लिहिले, ‘कॉपी द फॉलोइंग वर्ड्स’, आणि मोठ्याने वाचले. माझ्या शेजारच्याने झटकन वहीवर दोन्ही हात ठेवले. आमच्यासाठी कॉपी म्हणजे परीक्षेतली लबाडी. वर्ग हसला, बाईंना कारण कळले नाही. तो मुलगा अडाणी नव्हता, त्याला शब्द येत होता. पण ‘बाई, म्हणजे काय करायचे?’ हे इंग्रजीत विचारायला त्याला कुणी शिकवले नव्हते, आणि इंग्रजीच्या तासाला मराठीत बोलायची आम्हाला मनाई होती. तास संपेपर्यंत त्याने वहीवरचे हात काढले नाहीत.