पेपर वाचताना: ‘फरक नाही’ म्हणजे नेमकं कशात?

अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी कंडरा, तुटली तर ऑपरेशन करायचं का? २०२२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये नॉर्वेतली एक मोठी ट्रायल आली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले: विनाऑपरेशन, नेहमीची शस्त्रक्रिया आणि छोट्या छेदाची शस्त्रक्रिया. शेवटच्या विश्लेषणात ५२६ रुग्ण होते.

मुख्य मोजमाप होतं १०० गुणांची, रुग्णाने स्वतः भरायची प्रश्नावली. दुखापतीआधीच्या तुलनेत १२ महिन्यांनी गुण अनुक्रमे १७.०, १६.० आणि १४.७ ने कमी होते. निष्कर्ष: फरक नाही. बरेच जण इथेच पेपर मिटतात.

आता पुढचा तक्ता बघा. कंडरा पुन्हा तुटण्याचं प्रमाण विनाऑपरेशन गटात ६.२ टक्के, दोन्ही शस्त्रक्रिया गटांत ०.६ टक्के. मग सरासरीत हे दिसलं का नाही? साधं गणित करू. समजा, पुन्हा तुटलेल्यांचे गुण इतरांपेक्षा २० ने जास्त घसरले. तरी गटाची सरासरी २० × ०.०६२, म्हणजे जेमतेम १.२ गुणांनी हलते. थोड्यांचं मोठं नुकसान सरासरीत विरघळून जातं.

म्हणून ‘ऑपरेशनच बरं’ असंही म्हणू नका. फरक ५.६ टक्क्यांचा, म्हणजे एकाची कंडरा वाचवायला साधारण १८ जणांवर ऑपरेशन. शिवाय मज्जातंतूला इजा छोट्या छेदाच्या गटात ९, नेहमीच्या शस्त्रक्रियेत ५ आणि विनाऑपरेशन गटात १ जणाला झाली.

जर्नल क्लबमध्ये हमखास येणारा आक्षेप: दुखापतीआधीचे गुण आठवून सांगितलेले होते. खरंय, पण ती चूक तिन्ही गटांत सारखीच वाटली जाते, तुलना फारशी बिघडत नाही. माझ्या मते जास्त वजनदार आक्षेप दुसरा आहे. आपल्याला कोणता उपचार मिळाला हे रुग्णांना माहीत होतं आणि गुणही त्यांनीच दिले.

ट्रायल चांगलीच आहे. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे दिलंय. पण पुन्हा तुटण्याची धास्ती असलेल्या खेळाडूचा प्रश्न तो नव्हेच. तुमचा सिनॉप्सिस लिहिताना मुख्य मोजमाप ठरवाल, तेव्हा आधी विचारा: या आकड्यात कोण दिसणार नाही?