भरपाईचा अर्ज आणि आपले आत्मकथन

दलित आत्मकथनाने झाकलेले उघडे करून सांगितले. 'बलुतं' १९७८ साली आले तेव्हा त्या धीटपणाने बाहेरचे दचकले आणि घरचेही काही रागावले. सांगितले तर अब्रू जाते, न सांगितले तर खोटेपणा उरतो, हा पेच त्या पिढीने सांगण्याच्या बाजूने सोडवला. हाच पेच आपल्या माणसांपुढे आणखी एका कागदावर उभा राहतो. त्याकडे मात्र आपल्या समीक्षेने पाहिलेले नाही. तो कागद म्हणजे कामावर झालेल्या इजेच्या भरपाईचा अर्ज.

हा अर्जदेखील आत्मकथनच आहे. अंगठा करणाऱ्या माणसाला आयुष्यात एकदाच स्वतःविषयी लिहून द्यावे लागते, ते बहुधा येथे. आणि विरुद्ध बाजूचा पहिला सवाल त्याच्या भूतकाळाविषयी असतो : ही इजा आधीचीच नाही कशावरून?

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा ही त्या अर्जाची जुनी चौकट. २०१० मध्ये त्याचे नाव बदलले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने त्याची जागा घेतली. त्या कायद्याचे पहिले परिशिष्ट वाङ्मय म्हणून वाचण्यासारखे आहे. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली, तर्जनी गेली तर १४ टक्के, मधले बोट १२ टक्के. पाठ मोडली, कंबर धरली तर मात्र तयार आकडा नाही. तो डॉक्टरने ठरवायचा आणि वकिलांनी खोडायचा. ओझी वाहणाऱ्यांची इजा नेमकी तेथेच होते.

परिशिष्ट हात मोजते, आपली कविता 'राबणारा हात' गाते. त्या हाताचा पूर्वेतिहास दोघांनाही नको असतो. तो पूर्वेतिहास जातीचा आहे. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्याची दारे अस्पृश्यांना बंद होती, कारण धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे आणि विटाळ आडवा येई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. साचेखात्यात मजुरी अधिक, तर कापसाची धूळ पिंजण आणि कताईकडे अधिक. कोणाच्या छातीत काय साठायचे हे असे जातीने आधीच ठरवले होते. मग त्या छातीवर 'आधीपासूनचे दुखणे' असा शेरा मारणे म्हणजे जातीने केलेली जखम जखमी माणसाच्याच नावे खर्ची घालणे होय.

बाबूराव बागुलांच्या १९६३ च्या संग्रहाचे नावच 'जेव्हा मी जात चोरली होती' असे आहे. ज्याचे सर्वस्व चोरले गेले त्यालाच स्वतःची जात 'चोरावी' लागते, हे त्या क्रियापदाने सांगितले. आपला मजूर तसेच दुखणे चोरतो. कंबर दुखते म्हटले तर मुकादम टोळीत घेत नाही. मालक ज्याला अंगचोर म्हणतो, तो प्रत्यक्षात वेदना चोरत असतो.

येथे मला स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. माझे वडील हमाल होते. २००६ साली फळीवरून पोत्यासकट खाली आले आणि पुन्हा ओझे उचलू शकले नाहीत. मी तेव्हा बारावीत, घरातला एकटा लिहिता-वाचता. भरपाईच्या दाव्याचे कागद मी भरले. तारुण्यात विहिरीच्या कामावर त्यांची पाठ एकदा दुखावली होती, हे मला ठाऊक होते. तरीही 'पूर्वी कोणतीही इजा नाही' असे मी लिहिले. कोणी शिकवले नव्हते, ती माझीच हुशारी. पुढे मालकाच्या डॉक्टरने विचारले तेव्हा वडिलांनी सरळ सांगितले, "व्हय साहेब, आधी बी दुखायची. पर ओझं उचलायचो की." पहिले वाक्य नोंदले गेले, दुसरे राहिले. अर्ज खोटा ठरला आणि थोडक्या रकमेवर तडजोड झाली. निरक्षर माणूस खरे बोलला, साक्षर खोटे लिहून बसला. वडील एवढेच म्हणाले, "लेका, तू मला इचारलं का न्हाईस?"

ते दुसरे वाक्य हाच खरा दावा होता, हे मला फार उशिरा कळले. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका पहारेकऱ्याला हृदयविकार होता. कामावर असताना छातीत कळा येऊन तो वारला. त्याच्या विधवेच्या दाव्यात मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या न्यायालयाने दिलेला निकाल १९५४ पासून कायद्याच्या ग्रंथांत छापलेला आहे. रोग आधीचा असला तरी कामाच्या ताणाने मृत्यूला हातभार लावला किंवा तो लवकर ओढवला, तर जबाबदारी मालकाची, असे त्याचे सूत्र. हातभार सिद्ध करावा लागतो हे खरे. परंतु जुने दुखणे कबूल केल्याने दावा आपोआप बुडत नाही, लपवल्याने मात्र बुडू शकतो.

कोणी म्हणेल, उपाशी माणसाला सत्याचा उपदेश करणे ही पोट भरलेल्या प्राध्यापकाची चैन आहे. आक्षेप रास्त आहे. खरे सांगितल्याने रक्कम कमी होऊ शकते, हेही मी नाकारत नाही. पण मग प्रामाणिकपणा एकट्या मजुराच्याच गळ्यात का? मालकालाही विचारा : याच फळीवरून आधी किती जण पडले? हजेरीपटावर या माणसाचे नाव का नाही? मालकाच्या पूर्वेतिहासाचा रकाना कोठे आहे?

आपल्या समीक्षेने सत्य हे मूल्य मानले ते पुस्तकापुरते. शिकलेल्या आपल्या पिढीवर ते कागदावर उतरवण्याचे काम आले आहे. आधी माणसाला विचारावे आणि मग लिहावे : 'पूर्वीची इजा आहे. अमुक साली, अमुक कामावर झाली. त्यानंतरही मी इतकी वर्षे ओझे वाहिले. या दिवशी पडलो, त्यानंतर वाहू शकलो नाही.' माझ्या वडिलांचे दुसरे वाक्य इतकेच होते. ते लिहायला मी तेथे होतो आणि मी ते लिहिले नाही.