गोल फिरणारी गाडी आणि तीन आखूड रूळ

घरच्या घरी छोटी रेल्वे कशी उभारावी हे सांगणाऱ्या इंग्रजी पुस्तकांतला पहिला आराखडा बहुधा ठरलेला असतो. आठ फूट बाय चार फूट प्लायवूड, त्याच्या कडेकडेने रुळांचा एक बंद फेरा, एका कोपऱ्यात टेकडी, टेकडीत बोगदा आणि समोर एक स्टेशन. या आकाराला तिथे 'ओव्हल' म्हणतात. गणिताच्या शिक्षकांनी त्याला लंबवर्तुळ मात्र म्हणू नये. ती दोन अर्धवर्तुळे आणि त्यांना जोडणाऱ्या दोन सरळ रेषा आहेत. रूळ जोडले, वीज दिली की गाडी धावू लागते आणि मुले टाळ्या पिटतात. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतही हाच आराखडा थोड्याफार फरकाने दिसतो आणि पुष्कळदा बक्षीसही मिळवतो. ही मांडणी प्रतिकृती म्हणून कितपत खरी आहे आणि तिच्यापासून शिकण्यासारखे काय उरते, हे आम्हाला इथे तपासायचे आहे. तिच्या शेजारी आम्ही दुसरी एक मांडणी ठेवणार आहोत. ती दिसायला अगदीच दरिद्री आहे.

आधी मापे घेऊ. जगात सर्वाधिक चालणारे प्रमाण 'एचओ', म्हणजे १:८७. यातले रूळ १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात. १६.५ ला ८७ ने गुणले की १,४३५ मिलिमीटर येतात, आणि युरोप-अमेरिकेतल्या रेल्वेचे प्रमाण गेज नेमके तेवढेच आहे. इथपर्यंत हिशेब चोख आहे. ब्रिटिश खेळण्यांत मात्र गंमत झाली. ब्रिटनमधली इंजिने आकाराने लहान, आणि १९३० च्या दशकातल्या विजेच्या मोटरी १:८७ च्या इंजिनात मावेनात. म्हणून तिथल्या उत्पादकांनी रूळ तेच ठेवले आणि वरची गाडी १:७६ ची केली. त्यामुळे 'डबल ओ' प्रमाणात रुळांमधले अंतर १,२५७ मिलिमीटर गेजइतके, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा पावणेदोनशे मिलिमीटर कमी पडते. गाडी जणू अरुंद पायांवर उभी आहे. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर १,६७६ मिलिमीटर; ते १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर दाखवायचे तर प्रमाण सुमारे १:१०२ ठेवावे लागेल. १:८७ च्या भारतीय डब्याखाली नेहमीचे रूळ घातले तर इथेही गेज अरुंदच होणार.

ही तडजोड आम्ही क्षम्य मानतो, कारण डोळ्यांना ती फारशी जाणवत नाही. वळणाचे तसे नाही. भारतीय रेल्वेच्या नियमांनुसार ब्रॉडगेजवरचे सर्वांत तीव्र वळण १० अंशांचे, म्हणजे सुमारे १७५ मीटर त्रिज्येचे. त्याला ८७ ने भागा: दोन मीटर आले. म्हणजे गाडी नियमाने फिरवायची तर निव्वळ वळणासाठी चार मीटर रुंदीची खोली हवी. पेटीतून मिळणाऱ्या वळणाच्या रुळांची एक नेहमीची त्रिज्या ४३८ मिलिमीटर असते. १:८७ ने ती ३८ मीटर होते. खऱ्या ब्रॉडगेजच्या गाडीला असे वळण घ्यायला लावले तर ती रुळांवर राहणारच नाही.

लांबीचीही तीच कथा. जुन्या निळ्या किंवा विटकरी रंगाचा आयसीएफ डबा बफरसह सुमारे २२.३ मीटर लांब. १:८७ ने २५.६ सेंटिमीटर. चोवीस डब्यांची गाडी सहा मीटरांहून लांब होते. प्लायवूडवरचा पूर्ण फेरा मात्र साडेपाच मीटरच्या आसपास. पूर्ण गाडी जोडलीच तर इंजिनाला स्वतःच्या शेवटच्या डब्यामागे उभे राहायलाही जागा उरत नाही. म्हणून तीन-चार डबे जोडायचे आणि तिला एक्स्प्रेस म्हणायचे!

वेगाचा हिशेब सातवी-आठवीच्या वर्गात जरूर करावा. साडेपाच मीटरचा फेरा गाडीने ११ सेकंदांत पुरा केला, तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. पाहणाऱ्याला तो संथ वाटतो. ८७ ने गुणले की सेकंदाला ४३.५ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५७ किलोमीटर होतात, आणि ही गाडी बहुधा कोळशाच्या वाघिणींची असते. ताशी ६० किलोमीटर दाखवायचे तर फेऱ्याला २९ सेकंद लागले पाहिजेत. इतका धीर आम्ही प्रदर्शनात कुणाजवळ पाहिलेला नाही.

पण या चुका आकाराच्या आहेत, आणि आकार लहान केला की काही ना काही सोडावे लागतेच. आमचा मुख्य आक्षेप वेगळा आहे. फेऱ्यावरची गाडी कुठेही जात नाही. रेल्वे अस्तित्वात असते ती इथला माल तिथे आणि इथली माणसे तिथे नेण्यासाठी. फेऱ्यात 'इथे' आणि 'तिथे' एकच. एकदा बटण दाबले की मुलाला करण्यासारखे काही उरत नाही, आणि तिसऱ्या दिवशी खेळ माळ्यावर जातो. ज्यांना प्रेक्षकांपुढे गाड्या सतत फिरत्या ठेवायच्या आहेत त्यांची गोष्ट निराळी. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले आणि १९९८ पासून लोकांसाठी खुले असलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. तिथे पाहणारा पाहण्यासाठीच येतो आणि फिरती गाडी ही तिथली गरजच आहे. घरात मात्र मूल प्रेक्षक नसते, निदान असू नये.

ब्रिटनमध्ये १९५० ते १९७८ या काळात 'रेल्वे मॉडेलर' मासिकाचे संपादन करणारे सिरिल फ्रीझर यांनी छोट्या जागेसाठी असंख्य आराखडे काढले. त्यांतून आणि त्यांच्या समकालीनांच्या कामातून एक फार चांगली कल्पना रुळली. स्टेशन एका टोकाला. तिथून निघालेला मार्ग पडद्यामागे लपवलेल्या रुळांकडे जातो. ते लपवलेले रूळ म्हणजे उरलेले सगळे जग. नाटकातले पात्र विंगेत गेले की ते मुंबईला गेले असे आपण मानतो, तसेच. प्रतिकृतीत जे दाखवता येत नाही ते दाखवण्याचा खोटा आव न आणता विंगेत ठेवणे आम्हाला अधिक प्रामाणिक वाटते.

आता ती दरिद्री मांडणी. ॲलन राइट (१९२८-२००५) या ब्रिटिश हौशी रेल्वेकाराने 'इंगलनूक सायडिंग्ज' नावाची एक रचना केली. तिची प्रेरणा इंग्लंडच्या नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्या अ‍ॅनिक-कॉर्नहिल फाट्यावरच्या किलहम या आडगावच्या सायडिंगवरून घेतलेली. दोन सांधे, तीन आंधळे रूळ आणि इंजिनाने डबे ओढून घेण्यासाठी एक आखूड रूळ, एवढेच. लांब रुळावर पाच वाघिणी मावतात, बाकी दोन्हींवर तीन-तीन, आणि इंजिनाच्या रुळावर इंजिन व तीन वाघिणी. छोट्या चारचाकी वाघिणी घेतल्या तर सारे काही सव्वा मीटर लांबीच्या फळीवर बसते. एकूण आठ वाघिणी. आठ चिठ्ठ्यांतून पाच उचलायच्या आणि त्या पाच वाघिणी उचललेल्याच क्रमाने लांब रुळावर उभ्या करायच्या.

वाचताना हे पोरखेळ वाटते. आठांतून पाच क्रमाने निवडण्याचे प्रकार ८×७×६×५×४, म्हणजे ६,७२० होतात. रोज एक सोडवला तर अठरा वर्षांहून अधिक काळ पुरतील. अकरावी-बारावीत क्रमचय आणि संचय शिकवताना फळ्यावर रंगीत चेंडू काढण्यापेक्षा हे उदाहरण कितीतरी जिवंत आहे, कारण इथे क्रम बदलायला कष्ट पडतात.

ते कष्ट कसे पडतात ते पाहा. आंधळ्या रुळावर शेवटी आत गेलेली वाघीण सर्वांत आधी बाहेर येते, ताटांच्या चळतीसारखे. लांब रुळाच्या तोंडाशी 'अ' आहे आणि तिच्या मागे 'ब'. त्यांची अदलाबदल करायची. इंजिनाने 'अ' ओढून मधल्या रुळावर ठेवावी. परत येऊन 'ब' ओढून कडेच्या रुळावर ठेवावी. मग 'अ' उचलून लांब रुळावर ढकलावी आणि तिच्यामागोमाग 'ब'. झाली अदलाबदल. यासाठी दुसऱ्या दोन्ही रुळांवर एकेक जागा मोकळी हवी. तीन सायडिंगांत मिळून जागा अकरा आणि वाघिणी आठ. त्या तीन मोकळ्या जागांवर सारा खेळ उभा आहे. वाघिणी अकरा घातल्या तर काहीच हलणार नाही. पंधरा अंकांच्या सरकत्या चौकटीचे कोडे अनेकांनी खेळले असेल. त्यातल्या निम्म्या मांडण्या कितीही सरकवल्या तरी मिळत नाहीत हे १८७९ मध्येच सिद्ध झाले होते. राइटच्या रचनेत असा अडसर नाही. कोणत्याही सुरुवातीपासून कोणताही क्रम लावता येतो. अशा कोड्यांचा गणिती विचार सायमन ब्लॅकबर्न या ब्रिटिश गणितज्ञाने २०१८ साली एका शोधलेखात व्यवस्थित मांडला आहे.

संगणकशास्त्रात चळतीला 'स्टॅक' म्हणतात. डोनाल्ड नुथ यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्टॅक समजावताना रेल्वेच्या सायडिंगचेच चित्र काढले. समजा १, २, ३ या क्रमाने वाघिणी उजवीकडून येत आहेत, मध्ये एकच आंधळा रूळ आहे आणि त्या डावीकडे बाहेर पडायच्या आहेत. मागे फिरायचे नाही. तीन वाघिणींचे सहा क्रम शक्य, पण यातून पाचच मिळतात. ३, १, २ मिळत नाही, कारण ३ आधी बाहेर काढायची तर १ आणि २ आतच थांबलेल्या असतात आणि २ तोंडाशी असते. चार वाघिणी घेतल्या तर चोवीसपैकी चौदाच क्रम मिळतात. ते चौदा विद्यार्थ्यांनीच शोधावेत. काडेपेट्या चालतील.

काडेपेट्या चालत असतील तर मग रूळ आणि इंजिन कशाला? हा आक्षेप रास्त आहे आणि इंगलनूकचे कौतुक करणारे त्याला सहसा हात घालत नाहीत. आमचे म्हणणे असे, की काडेपेटी निमूटपणे हलते, वाघीण हलत नाही. १:८७ ला लांबी ८७ पटीने घटते, पण वजन ८७ च्या घनाने, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटीने. आपली कोळशाची रिकामी बॉक्सएन वाघीण साडेबावीस टनांची; प्रतिकृती ३४ ग्रॅमची व्हायला हवी. एवढी हलकी वाघीण सांध्यावर मागे ढकलताना उडी मारून रुळांवरून उतरते. म्हणून अमेरिकेतल्या हौशी मंडळींच्या राष्ट्रीय संघटनेने लांबीनुसार वजनाची शिफारस केली आहे. तिच्याप्रमाणे एवढ्याच वाघिणीचे वजन शंभर ग्रॅमच्या जवळ जाते. चालायचे असेल तर प्रतिकृतीला वजनात खोटे बोलावे लागते. का, हे घर्षण आणि जडत्व शिकवताना विचारता येईल. रुळांवर धूळ बसली की वीज पोचत नाही, कडी सुटत नाही, सांधा अर्धवट बसतो. काडेपेटीत हे काही घडत नाही.

विजेची एक गोष्ट तर पुस्तकांनी शेवटच्या पानांवरून उचलून पुढे आणायला हवी. दोन रुळांच्या १२ व्होल्ट पद्धतीत एक रूळ धन आणि दुसरा ऋण. गाडी उलट दिशेने परतावी म्हणून मार्ग वळवून त्याच सांध्याला आणून जोडला, तर डावा रूळ फिरून उजव्या रुळाला मिळतो आणि मंडल लघुपथित होते. कागदावर दोन रंगांच्या पेन्सिलींनी दोन्ही रूळ काढत गेले की ते कुठे होते ते आपोआप दिसते.

कोड्याचा हा प्रकार आणखी पुढे नेला कॅलिफोर्नियातल्या जॉन ॲलन यांनी. त्यांची 'गोरी अँड डिफीटेड' ही भव्य डोंगराळ मांडणी जगभर गाजली. जानेवारी १९७३ मध्ये ते वारले आणि काही दिवसांतच ती आगीत जळून गेली. १९७२ मध्ये त्यांनी 'टाइमसेव्हर' नावाचे शंटिंगचे कोडे प्रसिद्ध केले. ते घड्याळ लावून खेळायचे. आम्हाला ते कमी आवडते. रेल्वेचा अभियंता फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून रूळ टाकतो. टाइमसेव्हरमध्ये ते अडचण वाढावी म्हणून टाकले आहेत. खेळ चांगला आहे, पण रेल्वेबद्दल तो उलटेच शिकवतो. राइटचे तीन रूळ निदान कुठल्या तरी खऱ्या गावात शोभतील असे आहेत.

त्यांच्यातही एक पोकळी आहे: क्रम चिठ्ठ्यांनी ठरतो. खऱ्या मालधक्क्यावर वाघिणींचा क्रम चिठ्ठी काढून कुणी ठरवत नसे. शिवाय एकेक वाघीण वेगवेगळ्या गावी पोचवण्याची पद्धतच आता बहुतांशी इतिहासजमा झाली आहे. ब्रिटनमध्ये तसली शेवटची मोठी सेवा, स्पीडलिंक, १९९१ मध्ये बंद पडली. भारतीय रेल्वेनेही १९८० च्या दशकापासून एकाच ठिकाणी जाणाऱ्या पूर्ण मालगाड्यांवर भर दिला. ही मांडणी करणाऱ्याने आपण जुन्या काळातले काम दाखवतो आहोत हे पाटीवर लिहावे.

चिठ्ठ्यांऐवजी गावे घ्यावीत असे आम्ही सुचवतो. मनमाडहून दौंडकडे मालगाडी निघाली आहे, तिला येवला, कोपरगाव, पुणतांबा, बेलापूर आणि राहुरी इथे एकेक वाघीण सोडायची आहे. येवल्याची वाघीण इंजिनाला लागून असावी की शेपटीला? इंजिनाला लागून असेल तर ती तेवढी तोडून सायडिंगवर नेता येते, पण मग उरलेली गाडी मुख्य मार्गावर इंजिनाविना उभी राहते आणि उतार असेल तर ब्रेकची काळजी घ्यावी लागते. शेपटीला असेल तर अख्खी गाडी मागे ढकलावी लागते. सायडिंगचा सांधा गाडीच्या दिशेने उघडतो की उलट, यावरही उत्तर बदलते, आणि प्रत्येक गावी ते वेगळे असू शकते.