दुहेरी अधिकाराचा पेच : बंगळूरमधील जॉन ब्रिग्ज

जॉन ब्रिग्ज मराठी अभ्यासकांना परिचित आहे तो खानदेशचा पोलिटिकल एजंट, सातारचा रेसिडेंट आणि फरिश्त्याचा इंग्रजी अनुवादक म्हणून. त्याच्या कारकिर्दीतील म्हैसूर कमिशनचे पर्व मात्र उपेक्षितच राहिले आहे. नगरच्या बंडानंतर, १८३१ मध्ये, गव्हर्नर जनरल बेंटिंकने मुम्मडी कृष्णराज वडेयर यांच्याकडून कारभार काढून घेऊन तो दोन कमिशनरांच्या मंडळाकडे सोपविला. ब्रिग्ज ज्येष्ठ कमिशनर झाला. परंतु सप्टेंबर १८३२ मध्येच त्याने हे पद सोडले.

मेजर इव्हान्स बेल याने ब्रिग्जचे चरित्र १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. म्हैसूर खालसा करण्याच्या धोरणाविरुद्ध लेखणी झिजविणाऱ्या या लेखकाची सहानुभूती समजण्याजोगी आहे. तथापि चरित्र हा वाङ्मयप्रकारच असा, की त्यात अधिकाराचा वाद व्यक्तींच्या स्वभावांचा वाद होऊन बसतो. म्हणून येथे नायकाच्या गुणदोषांपेक्षा मंडळाची घटना आधी तपासली पाहिजे.

ज्येष्ठ कमिशनरची नेमणूक गव्हर्नर जनरलची, कनिष्ठाची मद्रास सरकारची. मतभेद झाल्यास ज्येष्ठाचे मत निर्णायक. मंडळावर देखरेख मात्र आरंभी मद्रासचीच. म्हणजे ब्रिग्ज ज्या सहकाऱ्याचे मत डावलू शकत होता, त्याला नेमणाऱ्या सरकारलाच तो उत्तरदायी होता. आणि त्या सरकारला त्याची नेमणूक रुचलेली नव्हती. शिवाय रेसिडेंट व दिवाण ही पदेही कायम होती. अशा रचनेत कोणीही असता तरी कलह टळला नसता.

पुढील घटनाक्रम या निष्कर्षास पुष्टी देतो. जून १८३२ मध्ये देखरेख मद्रासकडून हिंदुस्थान सरकारकडे गेली. एप्रिल १८३४ मध्ये मंडळाऐवजी एकच कमिशनर नेमला गेला. दोष केवळ ब्रिग्जचा असता, तर माणूस बदलून भागले असते. प्रत्यक्षात यंत्रणाच बदलावी लागली.

या उपायाची किंमत विसरता येत नाही. १८३४ ते १८६१ अशी प्रदीर्घ सत्ता मार्क कबनच्या हाती एकवटली; १८४३ मध्ये रेसिडेंटचे पदही रद्द झाले. कलह मिटला, पण त्याबरोबर कमिशनरवरील स्थानिक अंकुशही गेला. राजघराण्याकडे कारभार परतला तो १८८१ मध्ये. कबनच्या राजवटीची स्थिरता वाखाणताना, ती कोणाला वगळून साधली, हा प्रश्नही इतिहासलेखनाने विचारला पाहिजे.