राजरक्ताचें मोल

गेल्या श्रावणांत आम्ही सांगलीस आमच्या आत्याबाईंच्या घरीं गेलों होतों. माजघरांत आत्याबाई लेकीसुनांना शिळासप्तमीची कहाणी सांगत होत्या. आणि ओसरीवर त्यांचा कॉलेजांत जाणारा नातू जॉर्ज मार्टिन या अमेरिकन ग्रंथकाराच्या कादंबरीचा जाडजूड खंड मांडीवर घेऊन बसला होता. काय वाचतोस म्हणून आम्हीं सहज विचारलें. तो म्हणाला, "काका, राजाच्या रक्ताचें एक मूल अग्नींत देण्याचा बेत चालला आहे." माजघरांतहि त्या घटकेला तसाच बेत चालला होता, तेथें अग्नीच्या जागीं तळें होतें, इतकाच भेद. हा योगायोग आमच्या मनांतून जाईना. त्यावरून जे विचार सुचले ते वाचकांपुढें ठेवीत आहों.

मार्टिनच्या या मालेचा पहिला खंड १९९६ सालीं निघाला व पांचवा २०११ सालीं; माला अद्यापि अपुरी आहे. एका सिंहासनासाठीं अनेक कुळें झगडत आहेत, एवढें कथानक येथें पुरे. त्यांत स्टॅनिस नांवाचा एक हक्कदार आहे. न्यायाला कठोर आणि मनानें कोरडा. मेलिसांड्रे ही अग्निपूजक जोगीण त्याच्या मनांत असें भरविते कीं, राजरक्तांत मोठी शक्ति असते, आणि तें अग्नीस दिलें असतां पाषाणांतला ड्रॅगन, म्हणजे आग ओकणारा पंखांचा महासर्प, जागा होईल. स्टॅनिसचा भाऊ रॉबर्ट हा पूर्वींचा राजा. त्याचा अनौरस मुलगा एड्रिक याजवर तिची दृष्टि पडते. प्रथम त्याच्या रक्तावर पोसलेल्या तीन जळवा तीन प्रतिस्पर्धी राजांचीं नांवें घेऊन आगींत टाकितात, आणि पुढें ते तिघेहि राजे मरतात.

भोळा वाचक म्हणेल, मंत्र फळला. पण ग्रंथकार तेवढा भोळा नाहीं. त्या तिघांपैकीं एक लग्नाच्या मेजवानींत यजमानाच्या विश्वासघातानें मरतो, दुसरा विषानें, तिसरा वादळांत पुलावरून पडून. विश्वासघात आणि विष हीं दोन्ही कारस्थानें माणसांनींच शिजविलेलीं होतीं. तेव्हां जळवांनीं काय केलें, हा प्रश्न ग्रंथकार उघडा ठेवितो. दुसरी गोष्ट याहून मार्मिक आहे. रॉबर्टनें राज्य मिळविलें तें बंड करून, तरवारीच्या बळावर. मॅन्स नांवाच्या दुसऱ्या एका पुढाऱ्यास तर रानटी टोळ्यांनीं आपण होऊन राजा मानलें होतें. त्याच्या बापजाद्यांत कोणी राजा नव्हता. तरी त्याच्या तान्ह्या मुलाचें रक्तहि राजरक्त ठरून त्याचा बळी जाईल, अशी भीति उत्पन्न होते. मग तें मूल वांचविण्यासाठीं गिली नांवाच्या एका दीन स्त्रीचें मूल त्याच्या जागीं ठेवितात, आणि रडणाऱ्या त्या आईला परक्याचें मूल देऊन दूर देशीं धाडतात. हें ऐकतांना आम्हांस आपल्या घरच्या कथांची ओळख पटूं लागली.

शिळासप्तमीची कहाणी आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. राजानें तळें बांधलें, पण पाणी लागेना. जळदेवतांनीं सुनेचा वडील मुलगा बळी मागितला. राजानें सुनेला माहेरीं पाठविलें, नातवाला न्हाऊमाखूं घालून, दागिने लेववून पलंगावर निजविलें, आणि तो पलंग तळ्यांत नेऊन ठेविला. तळें भरलें. पुढें सून परत येत असतां वाटेंत सप्तमी आली. त्याच तळ्याच्या कांठीं तिनें वसा केला, आणि आपल्या वंशांतलें जें कोणी बुडालें असेल तें परत मिळो, अशी प्रार्थना केली. तेव्हां कोणी तिचा पाय ओढूं लागलें. पाहते तों तिचाच मुलगा.

कोणी म्हणेल, ही बायकांच्या समाधानाची गोष्ट आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. वंशाची पुण्याई राजाची, तळ्याचें यश राजाचें. मोल मात्र सुनेच्या पदरचें, आणि तेंहि तिला माहेरीं पाठवून घेतलेलें. हें कपट कहाणी झांकून ठेवीत नाहीं. परंतु एक उणीव मान्य केली पाहिजे. मूल परत मिळालें, आनंदीआनंद झाला. राजाला मात्र कोणीं कांहीं विचारलें नाहीं.

तें विचारण्याचें धैर्य ऐतरेय ब्राह्मणांतील शुनःशेपाच्या आख्यानांत आहे. हरिश्चंद्र राजाला वरुणानें पुत्र दिला, तो बळीच्या बोलीनें. पुत्र रोहित रानांत पळाला, आणि आपल्या जागीं अजीगर्त नांवाच्या उपाशी ब्राह्मणाचा मधला मुलगा त्यानें शंभर गाईंस विकत घेतला. यूपाला बांधण्यास कोणी पुढें होईना, तेव्हां बापानेंच आणखी शंभर गाईंस तें काम पत्करिलें. आणि शस्त्र चालविण्यास आणखी शंभरांस. राजरक्ताच्या जागीं गरिबाचें रक्त कोणत्या भावानें मिळतें, याचा असा रोखठोक हिशेब आम्हांस दुसऱ्या कोणत्याहि वाङ्मयांत आढळला नाहीं. शुनःशेप देवांच्या स्तुतीनें सुटतो; बाप परत बोलावितो तेव्हां त्याच्याकडे न जातां विश्वामित्राच्या मांडीवर बसतो, आणि विश्वामित्र त्याला आपला ज्येष्ठ पुत्र करितो. हें आख्यान राजसूय यज्ञांत अभिषेक झालेल्या राजाला ऐकवावें, असें तेथेंच सांगितलें आहे. नव्या राजाच्या कानीं पहिली गोष्ट घालावयाची ती ही!

पुढें धर्मशास्त्रकारांनीं पुत्रांचे प्रकार सांगतांना याच शुनःशेपाचा दाखला घेतला. विधीनें झालेला पुत्र तो पुत्रच. रक्ताची अडचण नाहीं. या गोष्टीचें खरें मोल कळण्यास सातारच्या गादीचा इतिहास पाहावा. १७४९ सालीं शाहू महाराज निपुत्रिक वारले. ताराबाईंनीं रामराजा हा आपला नातू म्हणून पुढें आणला व तो गादीवर बसला. पुढल्याच वर्षीं त्यांनीं त्याला सातारच्या किल्ल्यावर कैदेंत टाकिलें, आणि १७५२ सालीं जेजुरीस खंडोबापुढें शपथ घेऊन सांगितलें कीं, तो आपला नातू नव्हे. तरी छत्रपति म्हणून तोच राहिला. १७७७ सालीं तो वारल्यावर दत्तक शाहू गादीवर आले. त्यांचेच पुत्र प्रतापसिंह. इंग्रज कंपनीनें १८१९ सालीं त्यांच्याशीं तह केला, तेव्हां तिला रक्ताची शंका आली नाहीं. १८३९ सालीं त्यांना काढून तिनें भाऊ शहाजी यांस बसविलें, तेव्हांहि आली नाहीं. परंतु १८४८ सालीं शहाजी महाराजांनीं मरणापूर्वीं दत्तक घेतला, आणि त्याच वेळीं डलहौसीला औरस रक्ताची आठवण झाली! राज्य खालसा झालें. मॅन्सच्या मुलाचें रक्त राजरक्त ठरतें तें जोगिणीला बळी हवा म्हणून. सातारच्या दत्तकाचें रक्त राजरक्त ठरत नाहीं तें कंपनीला मुलूख हवा म्हणून. रक्त जेथल्या तेथेंच असतें. बदलते ती मागणाऱ्याची गरज.

टोल्किन या इंग्रज ग्रंथकाराच्या १९५४-५५ सालच्या महाकथेंत खरा राजा ओळखूं येतो तो त्याच्या हातच्या रोगनिवारक गुणानें. त्याचें रक्त कोणी मागत नाहीं. मार्टिन त्या गोड समजुतीला सुरुंग लावितो, ही त्याची थोरवी. एड्रिकला वांचवितो तो डॅव्होस, एके काळचा चोरटा व्यापारी. धन्याची आज्ञा मोडून तो त्या पोराला गलबतावर घालून पार करितो. तें प्रकरण आम्हांस सर्व मालेंत उत्तम वाटलें.

पण उणीवहि तेथेंच आहे. मार्टिनच्या जगांत धर्म सुचतो तो एकट्यादुकट्याला, आणि आचरावा लागतो तो रात्रीं चोरून. भर दरबारांत, हें पाप आहे, असें म्हणणारें पीठच तेथें उरलेलें दिसत नाहीं. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तोहि गादीसाठीं आणि घरच्याच माणसाच्या कारस्थानानें. परंतु साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे न्यायाच्या आसनावर होते, आणि त्यांनीं राघोबादादांस दोषी ठरविलें. सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनीं तो प्रसंग १९०९ सालीं 'भाऊबंदकी' नाटकांत उभा केला. राजकुळाच्या घरांतलें रक्त हा न्यायाचा विषय होऊं शकतो, हें आमच्या पिढीस त्या नाटकानें शिकविलें.

हीं पुस्तकें मुलांच्या हातीं द्यावींत कीं नाहींत, असें पालक आम्हांस विचारतात. त्यांतला क्रूरपणा व कामुकता पाहतां तीं लहानांच्या उपयोगाचीं नाहींत, हें निश्चित. पण कॉलेजांतल्या मुलाच्या हातून तीं ओढून घेण्यांत अर्थ नाहीं. आमच्या या दोन जिल्ह्यांत सोयरीक जुळवितांना अजून कुळ आधीं विचारतात आणि माणूस मागाहून. त्या मुलाला रक्ताचें वेड लावावयास परदेशी कादंबरी कशाला पाहिजे? तिच्या जोडीला शुनःशेपाचें आख्यान द्यावें, आणि बळी मागणारा कोण व मोल देणारा कोण, एवढें पाहावयास शिकवावें.

त्या दिवशीं दुपारीं आम्ही हें सर्व त्या मुलाशीं बोललों. तो कांहीं वेळ गप्प बसला, मग माजघरांत जाऊन म्हणाला, "आजी, त्या सुनेला आधीं कोणीं विचारलें होतें का ग?" आत्याबाई वाती वळीत होत्या. मान वर न करितां म्हणाल्या, "विचारलें असतें, तर तिनें दिला असता का रे?"